माहेरवाशिणीची भिंत

ये गं, अशी जवळ ये. तिकडं दारात कशाला टेकतेस पाहुण्यासारखी, इथं सतरंजीवर बस, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. आणि तो मोबाइल इकडं दे आधी. लेण्या बघून आलीस, आजीला फोटो दाखवायला बजाजनगरहून इथं गुलमंडीपर्यंत आलीस, लई चांगलं केलंस. पण हे काय करून ठेवलंस, बाई? ही बया अशी जांभळीगार कधी होती? आणि हा राजा काय हळदीच्या पिंपात बुडवून काढलाय?

"आजी, थोडं एडिट केलंय. म्हणजे कलर पॉप होतो."

पॉप होतो म्हणे! लाह्या आहेत का त्या? अगं, ज्यानं ती चित्रं काढली त्यानं अंधारात बसून काढली, दारातून येईल तेवढ्या उजेडात. त्याला काय असं तोंडावर ओरडणारं चित्र काढता येत नव्हतं? येत होतं. त्यानं काढलं नाही. आणि तू बोट फिरवून त्याची चूक सुधारलीस. शाबास. तुझ्या आईची लेक, माझी नात, म्हणून एवढ्यावर सोडते. दुसरी कुणी असती तर चहासुद्धा दिला नसता.

आता रुसू नको. तुझ्या एकटीचा दोष नाही. रंग दिसला की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. मला रंगातलं काही कळत नाही, मी शाळेत गेलेली नाही. पोलीस ॲक्शननंतर आमच्याकडं मराठी शाळा आली तेव्हा धाकटा भाऊ पाटी घेऊन गेला आणि मी त्याच्या पाटीवरून, नंतर वाण्याच्या पुड्यांवरून अक्षरं गोळा केली. तेव्हा शहाणपण सांगायचा माझा अधिकार नाही. पण ज्यांना रंगातलं कळतं त्यांनी काय केलं आणि ज्यांना कळत नाही त्यांनी काय केलं, हे दोन्ही मी डोळ्यांनी बघितलंय. डावं-उजवं करायला जागा नाही. ऐक.

माझं माहेर सोयगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, हे तुला माहीत आहे. तू लहानपणी तिथं येऊन आंबे खाल्लेस आणि देऊळ बघितलं नाहीस. गावाच्या वर, नाल्याच्या काठाला, अर्धं डोंगरात कोरलेलं आणि अर्धं दगडांनी बांधलेलं देवीचं देऊळ आहे. बुटकं. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत देवीचा तांदळा, म्हणजे नुसता शेंदूर लावलेला गोल दगड. आणि तिच्या डाव्या हाताच्या भिंतीवर एक बाई रंगवलेली. कधीची, कुणाला ठाऊक. गावातली माणसं सांगायची, लेण्या काढणारे रोजगारी आमच्या नाल्यावर उतरायचे, त्यांच्यातल्या कुणीतरी काढली. माणसं काय, काहीही सांगतात. मी ते खरं धरत नाही आणि खोटंही म्हणत नाही.

बाई म्हणजे कमरेपर्यंतच. खालचा भाग ओलीनं कधीच गेलेला. मान एका अंगाला कललेली, अंगाचा रंग गेरूचा, केस काजळाचे, गळ्यात पांढऱ्या ठिपक्यांची माळ, आणि खांद्यावरून हिरवं वस्त्र. तो हिरवा कसला म्हणून सांगू? पोपटी नव्हे, तुमच्या त्या बाटलीचा नव्हे. आमच्या नाल्यात काळा खडक फुटला की त्याच्या पोटात हिरवट खडे सापडतात, खरवडले की पीठ होतं. लहानपणी आम्ही त्यानं दगडावर रेघोट्या मारायचो. तो हिरवा. थोडा राखेकडं झुकलेला, शांत. एका कोपऱ्यात गिलावा फुटला होता, तिथं आत चिखल, शेण आणि भाताचा तूस दिसायचा. माझी माय म्हणायची, "बघ, आपल्यासारखंच लिंपलंय. आपण भिंती लिंपून थांबतो, तिनं पुढं बाई काढली." चित्र काढणारी बाईच होती हे माझ्या मायनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

या रंगवलेल्या बाईला गावात माहेरवाशीण म्हणायचे. म्हणजे देवीची धाकटी बहीण, सासरहून चार दिवस आलेली. आणि माहेरी आलेल्या लेकीला आपल्यात कसं वागवतात? कामाला लावत नाहीत, चुलीपुढं बसवत नाहीत. तसंच हिचं. नवरात्राच्या आधी गावच्या बाया देऊळ सारवायला जायच्या. सगळ्या भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा, जमिनीला शेण. पण त्या एका भिंतीला ओला बोळा लागायचा नाही. माहेरवाशिणीला घासायचं नसतं. आत समई लागायची नाही, दिवा उंबऱ्याबाहेर. का, तर माहेरी आलेल्या पोरीच्या डोळ्यांत धूर घालायचा नसतो. ऊद नाही, कापूर नाही. आरतीसुद्धा बाहेर. गुरव फूल वाहायला तेवढा आत जायचा आणि हात न लावता बाहेर यायचा. वर्षातून एकदा, ज्या घराची पाळी असेल त्या घरची बाई मोरपिसाच्या कुंच्यानं लांबून वारा घालायची, धूळ उडावी म्हणून. झाली तिची सेवा.

आता तू म्हणशील, बघा, आपल्या बायांना किती ज्ञान होतं! काही नव्हतं. त्याच बाया शेजारच्या म्हसोबावर दर अमावास्येला तेल ओतून ओतून त्याचं नाक-डोळे बुजवून बसल्या होत्या. ज्ञान असतं तर तो वाचला असता. माहेरवाशीण वाचली ती लाडानं. एवढंच मला सांगायचंय, याच्या वर मोठं काही नाही.

लग्न होऊन मी औरंगाबादेत आले. तुझे आजोबा गुलमंडीवर कापडाच्या दुकानात होते. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "रंग पक्का आहे ना?" आणि ह्यांचं उत्तर, "वहिनी, कापड फाटेल पण रंग जाणार नाही." मी एकदा विचारलं, "खरंच जात नाही का हो?" तर म्हणाले, "जातो की. पण तो आपल्या दुकानात जात नाही, त्यांच्या घरी जातो." असा आमचा व्यवहार. पक्का रंग ही दुकानात बोलायची गोष्ट आहे, हे मला तेव्हापासून ठाऊक.

पहिल्यांदा मी लेण्या बघितल्या त्या सासरच्या लोकांसंगं. डोंगराच्या पायथ्याला जन्मले, पण पोरीबाळींना तिथं कोण पाठवतंय! सासऱ्यांकडं हैदराबादहून पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला म्हणून सगळे निघाले, आणि फाट्यावर माझा भाऊ येऊन मिळाला. तेव्हा तो नुकती मिशी फुटलेला, सरपंच व्हायची स्वप्नं बघणारा गडी. आत गेलो. अंधार. एक गाइड मिळाला, पान चघळणारा. त्यानं इकडं-तिकडं बघितलं, खिशातून ओला पंचा काढला आणि हळूच चित्राच्या एका कोपऱ्यावर दाबला. बाई गं! तेवढा तुकडा पावसात भिजलेल्या दगडासारखा जागा झाला. लाल लाल, हिरवा हिरवा. पाहुण्यांनी "वाह, वाह! क्या रंग है!" केलं. पाहुण्यांतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "भैया, जरा इधर भी." त्यानं इधर भी केलं. थोड्या वेळात तुकडा सुकला आणि आधीपेक्षा मरगळलेला दिसायला लागला. तोवर आम्ही पुढं गेलेलो. गेलेल्या माणसाला सुकलेलं दिसत नसतं. म्हणून तर हा धंदा चालतो.

मी विचारलं, "हे सगळं असं चहा सांडल्यासारखं पिवळं का?" गाइड म्हणाला, "जुनं आहे ना, ताई." मग त्याला वाटलं, बाई ऐकणारी आहे, तर पुढं सांगू लागला. निजामी अमदानीत बाहेरदेशाहून कारागीर आणले होते, त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं रोगन दिलं. हे वाक्य माझ्या भावानं ऐकलं. मान डोलावली आणि पुढची लेणी बघायला धावत सुटला. माणसाची सगळी बरबादी अर्धं वाक्य ऐकण्यात आहे. मागं राहून मी उरलेलं ऐकलं. त्या रोगनावर धूळ बसली, वटवाघळांची घाण बसली, ते पिवळं पडलं, आकसलं, आणि आता साहेबलोक कापसाच्या बोळ्यानं ते काढत बसलेत. म्हणजे मी जुनेपणा म्हणून जो बघत होते तो जुनेपणा नव्हताच. ते वरचं झाकण होतं. माणसं झाकणाला हात जोडत होती.

मला तर हसूच आलं. एवढे मोठे लोक, एवढी मोठी सरकारं, आणि उपाय काय, तर कपाटाला लावतात तसलं रोगन!

आता पुढचं ऐक, कारण माझं हसू फार दिवस टिकलं नाही.

भाऊ सरपंच झाला. गावाच्या पुढं जाण्याची त्याला लई घाई. शेजारच्या गावानं मारुतीचं देऊळ रंगवलं होतं, ते सडकेवरून दिसायचं. आता आमच्या देवीनं मागं राहून कसं चालेल? जीर्णोद्धार निघाला. या शब्दाची मला धडकी भरते. उद्धार कुणाचा होतो ते मला अजून समजलेलं नाही. मला कळलं तशी मी एसटीनं माहेरी गेले. बघते तर काय, पुढचे दगडी खांब पोपटी, पट्ट्या सोनेरी, छत गुलाबी. ट्रकच्या पाठी रंगवणारा पेंटर आणला होता. त्यानं दारावरच्या झिजलेल्या सिंहांना पिवळं अंग, लाल जीभ आणि वर कोरलेल्या मिशा काढल्या होत्या. दोन्ही सिंह फौजदारासारखे दिसत होते.

"कसं वाटतं, अक्का?" भाऊ कमरेवर हात ठेवून उभा.

"बॅण्डवाल्यांची गाडी वाटते."

"तुझं नेहमीचंच. सोता शहरात राहतीस, नळाचं पाणी पितीस, आणि गावानं जुनंच राहावं म्हणतीस."

"अरे, दगडाला रंग काय करायचाय? दगडाला रंग असतोच की."

"काळा हाये नुसता."

"मग तू काय गोरा हायेस का? तुला देऊ का ऑइलपेंट?"

पेंटर हसला. भाऊ नाही हसला. मी त्याला हाताला धरून आत नेलं, माहेरवाशिणीपुढं. म्हटलं, "बाहेर काय घालायचा तो गोंधळ घाल. ही भिंत सोड. मायच्या गळ्याची शपथ घे." माय बाहेर उंबऱ्यावरच बसली होती. तिची नजर तोवर अंधू झालेली, तिला सिंहाच्या मिशा दिसल्या नाहीत हे तिचं नशीब. भाऊ भित्र्या पोरासारखा खाली बघून म्हणाला, "हिला पेंट लावीन का मी? एवढा येडा समजतीस? माझ्यावर सोड. हिची तर मी अशी काळजी घेतो की बघच."

त्याच्यावर सोडलं आणि मी गुलमंडीला परत आले.

नवरात्रासाठी गेले. घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळी भाऊ मला आणि मायला घेऊन वर गेला. स्वतः वाकून आधी आत शिरला, पडदा ओढणाऱ्यासारखा बाजूला झाला आणि म्हणाला, "हं! बघा."

भिंत चकाकत होती. जिलबीवर पाक असतो ना, तशी. गेरू तांबडाभडक, हिरवा गडद, माळेचे ठिपके डोळ्यांसारखे लकाकणारे. मला क्षणभर सुंदर वाटली हेही सांगते. ओल्या पंचाखाली वाटली होती तशीच. मग वास आला. सुताराच्या दुकानातला वास.

"काय लावलंस?"

"रोगन! अक्का, जळगावहून आणलंय, भारीतलं. पेंटरला हात लावू दिला नाय, मी सोता लावलं. हातावर हात दिले. लेण्यांतल्या चित्रांना दिलंय तसलंच. सरकारनं जे राजाला केलं ते मी आपल्या माहेरवाशिणीला केलं."

त्याचा चेहरा असा फुलला होता की मला मारायला हात उचलता येईना. माय भिंतीजवळ गेली. नाक लावून बघितल्यासारखं बघितलं. आणि म्हणाली, "का रं बाबा, हिला घाम का फुटलाय?"

भाऊ म्हणाला, "घाम नाय माय, तेज हाये."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं हे लावायला?"

"त्या गाइडनं! तू व्हतीस की संगं."

"पुढं काय म्हणाला तो?"

"पुढं काय?"

"ते पिवळं पडलं म्हणाला. काढता काढता सायबांच्या नाकी नऊ आले म्हणाला."

"हे कधी म्हणाला?"

"तू पुढच्या लेणीत पळाला होतास तेव्हा."

"ते परदेशी व्हतं, अक्का. हे जळगावचं हाये. हे नाय पडायचं पिवळं."

या बुद्धीपुढं काय बोलणार! लेण्यांतल्या मोठ्या लोकांची चूक आमच्या गावात आदरानं उतरवून घेतली गेली, हे लक्षात घे. दुष्ट माणसानं केलं असतं तर मी गावासमोर त्याचं नाव घेऊन शिमगा केला असता. केलं ते लाडानं केलं. लाडानं वाचवलेलं लाडानंच बुडवलं. आता सांग, कुणाला शिव्या द्यायच्या? तरी दिल्या मी, भरपूर दिल्या. त्या वर्षी मी त्याच्या घरी पुरणपोळी खाल्ली नाही आणि त्याची बायको माझ्याशी उगाच अबोला धरून बसली.

पडायचं ते पिवळं पडलंच. जळगावचं असो की विलायतेचं. आधी हिरवा गेला. गेला म्हणजे आत होता, पण वरून शिळ्या भेंडीच्या भाजीसारखा दिसायला लागला. मग माळेचे ठिपके ज्येष्ठमधासारखे झाले. मग रोगनाला बारीक भेगा पडल्या, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा, आणि एकेक खपली कडेनं वळून वर उचलली गेली. खपली पडली की तिच्या पाठीला रंग चिकटून खाली येई. भिंतीनं शेकडो वर्षं धरलेला रंग रोगन जाता जाता ओढून नेत होतं. माय होती तोवर दर नवरात्राला, पाळी नसली तरी, कुंचा घेऊन जायची आणि वारा न घालता परत यायची. म्हणायची, "वारा घातला तर झडंल. घाम तरी पुसावा तर कातडी निघंल. काय करू मी हिचं?" माय गेली तेव्हा माहेरवाशिणीची एक बाजूची गालपट्टी गेलेली होती.

मग एकदा एक विद्वान आले. शहरातूनच आले, कुणाच्या तरी ओळखीनं, आणि मी मुद्दाम त्यांच्यासंगं गेले. माणूस बोलायला गोड. दिवा, भिंग, कापूस गुंडाळलेल्या काड्या, लहान लहान बाटल्या. गावच्या सगळ्या बाया दाराशी गोळा. त्यांनी काडी कसल्याशा पाण्यात बुडवली आणि खांद्याजवळ, कुंकवाच्या टिकलीएवढ्या जागी, हळूहळू फिरवली. काडी चहासारखी पिवळी झाली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. आणि पोरी, खालून तो हिरवा आला. तोच. राखेकडं झुकलेला, नाल्यातल्या खड्यांचा. एक म्हातारी ओरडली, "अगं बया, जित्ती हाये की!"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ते फार टिकलं नाही, कारण विद्वान बोलायला लागले. म्हणाले, "यात निळा नाही. मोठ्या लेण्यांत निळा आहे, तो दगड पार इराणच्या बाजूकडून यायचा. इथं सगळे स्थानिक रंग आहेत. गेरू, हिरवी माती, काजळ, चुना. तेव्हा हे तितकंसं महत्त्वाचं नाही."

मी म्हटलं, "साहेब, लेण्यांना राजे होते, सावकार-शेटे होते. आमच्या भिंतीला कोण होतं? कुणाची तरी काकू. ती निळा कुठून आणणार? उंट पाठवणार होती का?"

ते हसले. "तसं नव्हे, आजी. पण शास्त्र म्हणून सांगतो."

"मग शास्त्र म्हणून असं सांगा, की गावात मिळेल तेवढ्यावर ही बाई उभी राहिली."

त्यांनी मान हलवली, भांडण नको म्हणून हलवतात तशी. पुन्हा येऊन पूर्ण भिंत साफ करतो म्हणाले. नंतर कळलं, त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्यांना टिकलीएवढ्या हिरव्यासाठी घाट उतरायला फुरसत नव्हती. ज्यात निळा नाही ते वाचवायचं नसतं, असं काहीतरी मोठ्या पुस्तकात लिहिलं असणार. मी पुड्यांवरून वाचायला शिकले, माझ्या वाचण्यात आलं नाही.

आता आजची गोष्ट, जिच्यासाठी तुला बसवून ठेवलंय. भाऊ आता थकला. देवळाच्या कमिटीवर त्याचा मुलगा आहे. पोरगा कामसू आहे, आत्या म्हणून माझ्या पायाही पडतो. त्याला आतल्या भिंतींना टाइल्स बसवायच्यात. पांढऱ्या, वर देवीचे छापील फोटो, पुसल्या की साफ. न्हाणीघर म्हण ना! खोकी येऊन पडलीत देवळाच्या ओसरीत. मी मागच्या आठवड्यात गेले तेव्हा कमिटी देवळापुढं बसली होती.

"आत्याबाई, त्या भिंतीवर आता राहिलंय काय? डाग," भाचा म्हणाला.

"त्या डागात अजून डोळा दिसतो. मान दिसते. खांद्याजवळचा हिरवा दिसतो."

"तुमाला दिसतो. आमाला नाय दिसत."

"कारण तू दारातून बघतोस, तेही टोपी सांभाळत. आत ये आणि बस जरा."

"बसून बघायला येळ कुणाला हाये, आत्याबाई? लोक दर्शन घेतात आन जातात. खरं सांगा, ती भिंत बघायला कोण येतं? एक माणूस दाखवा. लेण्यांवर बसा भरून येतात, म्हणून त्या ठेवल्यात. इथं कोण येतं?"

खरंच कोण येतं? मी जाते, आणि मी धरण्यात नाही.

तेवढ्यात माझा भाऊ काठी टेकत उठला. मला वाटलं, घरी चालला. तो ओसरीत गेला आणि टाइल्सच्या खोक्यांवर जाऊन बसला. मांडी घालून. भाचा म्हणाला, "आबा, उतरा, फुटतील."

"फुटू दे."

"आबा, असं काय करता?"

"बसायला बरं हाये इथं. गार लागतं." मग म्हणाला, "पेंट मी दिला, रोगन मी दिलं. मला गावात कुणी आडवलं नाय, एकट्या अक्कानं आडवलं. आता मी आडवा येतो. उतरायचा नाय."

दुपारपर्यंत तो तिथंच बसला. जेवायलासुद्धा भाकरी तिथंच मागवली. लोकं हसली, पण खोकं काही उघडलं नाही. शेवटी भाचा वैतागून म्हणाला, "ठीक हाये. दसऱ्यापर्यंत थांबतो. तोवर बाहेरची माणसं ही भिंत बघायला आली, तर ती एक भिंत सोडून बाकीच्यांना टाइल्स लावू. नाय आली, तर आबाला उचलून घरी नेणार आन काम चालू करणार." कमिटीनं मान डोलावली. एरवी 'लाव टाइल्स' म्हणायच्या बेतातच होते सगळे.

माझ्या लेखी या कराराला काही मान नाही. जे चांगलं आहे ते माणसं मोजून ठेवायचं की टाकायचं, हा बाजार झाला. पण त्या पोराशी तत्त्वावर भांडण्याइतका वेळ भिंतीकडं नाही. भाऊ रोज सकाळी वर जाऊन त्या खोक्यांवर बसतोय, आणि या वयात त्याला ती चढण झेपत नाही. परवा मी पण जाते तिकडं, नवरात्र होईस्तोवर राहायला. दोघं आळीपाळीनं बसू.

तू ये. एकटी येऊ नको, तुझ्या कंपनीतल्या पोरींना आण, नवऱ्याला आण, शेजारणीला आण. ज्यांना काही कळत नाही अशांनाच आण, त्यांना निळा नसल्याचं दुःख होणार नाही. पहिल्या गाडीनं निघा. सकाळचं ऊन दारातून आत येतं, जमिनीवर पडतं आणि त्याचा उजेड उडून भिंतीवर जातो. तेवढ्यातच ती दिसते, ऊन वर चढलं की नाही. आत वाकून या, हात लावू नका, काही पुसू नका, खाली बसा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प राहा. आधी डागच दिसतील. मग मान दिसेल, मग डोळा. मग खांद्याजवळ बघा. पोळ्या मी करून ठेवते, माझ्या भावजयीशी आता बोलणं आहे.

ये बाई. दसऱ्याची वाट बघत बसू नको, याच आठवड्यात ये.